सत्तर दिवसांचा रस्ता

जिथे रस्ता संपतो तिथे, भूर्जांच्या दाट झाडीपाशी उभी असलेली मी एक जुनी बस आहे, मित्रांनो. माझी पुढची काच तडकली आहे. चाकांभोवती कमरेइतके गवत वाढले आहे. मला इथवर आणणारा रस्ता आता उरलेला नाही, त्यामुळे मला इथून नेणारेही कोणी नाही. तरी माझी हकीकत ऐका. सांगायला माझ्याकडे वेळ पुष्कळ आहे.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. अठ्ठावीस आसने, पांढरा रंग आणि कमरेला हिरवा पट्टा. बोटीत बसून मी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर आले आणि तोमुनाई खोऱ्यातल्या एका छोट्या बस कंपनीत रुजू झाले. हिवाळ्यात मी शाळेच्या मुलांची ने-आण करी, पण माझे खरे काम उन्हाळ्यातले. रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत बावीस किलोमीटरचा जंगलातला कच्चा रस्ता होता. त्यावर चार पूल आणि एक लोखंडी फाटक. बर्फ वितळला, कोसळलेल्या दरडी उचलून झाल्या की वनखात्याचा माणूस दहा जुलैला ते फाटक उघडी आणि सतरा सप्टेंबरला पुन्हा कुलूप लावी. म्हणजे वर्षात सत्तर दिवस. उरलेले दोनशे पंच्याण्णव दिवस तो डोंगर अस्वलांचा.

माझे चालक होते नुकागा तोकुजी. जाड मानेचे, कमी बोलणारे. पण बोलले की चिमटा काढल्याशिवाय राहायचे नाहीत. आणि स्टेशनातल्या तिकीट खिडकीमागे बसत इसोबे किनुए. आमच्याकडे आदराने नावाला 'सान' जोडतात, म्हणून त्या किनुएसान. मित्रांनो, त्या नुसती तिकिटे फाडत नसत. दूरदूरच्या शहरांतून त्यांना फोन येत. फाटक उघडले का? सकाळची बस पकडायची तर आदल्या दिवशी कुठे मुक्काम करायचा? वर बर्फ किती आहे? परतीची बस चुकली तर? किनुएसान प्रत्येकाला स्वतःच्या हाताने कागदावर सगळे लिहून पाठवत: कोणती बोट, कोणती गाडी, कुठे बदलायची, किती वाजता माझ्यापाशी पोचायचे, डोंगरावरून किती वाजता उतरायला लागायचे. सकाळी सात चाळीसला मी वर जाई आणि दुपारी अडीचला वरून निघे. एवढ्या दोन वेळांवर लोकांचे सगळे बेत टांगलेले असत.

"किनुएसान, तुम्ही स्वतः कधी चढलात हो तो डोंगर?" नुकागासान विचारत.

"माझे गुडघे बघितलेत का? मी फोनवरून चढते. हजार वेळा चढून झालाय माझा."

"तरीच पाय दुखतात म्हणत असता."

सुरुवातीची वर्षे मी भरभरून धावले. लोक उभ्याने येत. उतरताना माझ्याकडे वळून कमरेत वाकत. एका वर्षी खोऱ्याच्या दिनदर्शिकेवर माझा फोटोही छापला होता. हळूहळू मात्र चढणारे कमी होत गेले. कधी दहा, कधी सहा, कधी कोणीच नाही. रिकामी असले तरी मी वेळेवर निघे. वरून कोणी उतरत असेल तर त्याला न्यायला नको का?

त्याच उतरत्या काळात वाकुई सेत्सुओ यांची पत्रे येऊ लागली. ते समुद्रापलीकडच्या सेंदाई शहरात गणिताचे मास्तर होते. पायथ्यापासून सहा तासांच्या चढणीवर एक फुलांचे पठार आहे, रात्रीच्या मुक्कामाला तिथे एक लाकडी झोपडी. बर्फ सरकला की तिथे पांढऱ्या नि पिवळ्या फुलांचा सडा पडतो आणि पाच ऑगस्टच्या सुमारास सगळे संपते. ते त्यांना पत्नीला, तामिएसानना, दाखवायचे होते. पण शाळेला सुटी लागे पंचवीस जुलैला. म्हणजे हाताशी दहा दिवस. शनिवारी संध्याकाळची बोट, रविवारी दुपारपर्यंत बंदर, मग तीन गाड्या बदलून संध्याकाळी तोमुनाईत मुक्काम, सोमवारी सकाळी मी. सेत्सुओसान मिनिटामिनिटांचा हिशेब आखून पाठवत आणि किनुएसान तो लाल पेन्सिलीने तपासत.

"मास्तरांचं गणित आज मी चुकीचं ठरवलं बरं का," माझ्यात बसून डबा खाताना त्या सांगत. "गाडी बदलायला चार मिनिटं धरली आहेत त्यांनी. मध्ये जिना आहे म्हणावं, जिना!"

पहिल्या वर्षी बर्फ इतका पडला की फाटक उघडायला ऑगस्टचा सातवा दिवस उजाडला. दुसऱ्या वर्षी वसंतात मोठा भूकंप होऊन सेंदाईच्याच किनाऱ्यावर समुद्र आत घुसला. किनुएसान कितीतरी दिवस टपालाची वाट पाहत होत्या. शरद ऋतूत एका ओळीचे पत्र आले, 'आम्ही दोघे सुखरूप आहोत, यंदा येणे होणार नाही.' तिसऱ्या वर्षी दरड कोसळून आमची रेल्वे महिनाभर बंद राहिली. चौथ्या वर्षी तामिएसान आजारी पडल्या. आजाराचे नाव पत्रात नव्हते, फक्त इस्पितळाच्या तारखा होत्या.

पाचव्या वर्षी, निवृत्त झाल्यावर, सेत्सुओसाननी बेत पाठवला तो अठ्ठावीस ऑगस्टचा. औषधोपचारांच्या दोन फेऱ्यांमध्ये तेवढीच मोकळी जागा होती.

"अठ्ठावीसला वर फुलं कुठली असणार?" किनुएसान म्हणाल्या. "फोन करून सांगितलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी नुकागासाननी विचारले, "केलात फोन?"

"केला. त्यांच्या बायकोने उचलला." एवढेच बोलून त्यांनी डब्याचे झाकण लावले.

अठ्ठावीस ऑगस्टला माझ्यात ते दोघेच चढले. तामिएसान हाडकुळ्या झाल्या होत्या. डोक्याला लोकरीची टोपी, पिशवीला अस्वलांसाठी घंटी. झिमझिम पाऊस होता. वादळ समुद्रावरूनच निघून जाईल असे सकाळी सांगण्यात आले होते.

"अहो, आपण खरंच बसलो का हो बसमध्ये?"

"सात एकेचाळीस झाले. एक मिनिट उशिराने बसलो."

"लिहून ठेवा मग वहीत."

फाटकापाशी नुकागासान चाके बघायला उतरले. सेत्सुओसानही मागोमाग उतरले आणि हळूच म्हणाले, "नुकागासान, वर फुलं संपली असतील, मला माहीत आहे. तिला नाही माहीत. तुम्ही काही बोलू नका. तिथे पोचल्यावर मी सांगेन, यंदा लवकर संपली म्हणून."

नुकागासाननी होकाराची मान हलवली.

पायथ्याशी, रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत पाऊस वाढला होता. सेत्सुओसान चढणाऱ्यांच्या नोंदवहीत नावे लिहायला शेजारच्या छपराखाली गेले. तेवढ्यात तामिएसान पुढे सरकून म्हणाल्या, "एक सांगू? फुलं संपली आहेत. किनुएसाननी मला फोनवर सगळं सांगितलंय. ह्यांना कळू देऊ नका. पाच वर्षं आखत होते हो ते. माणसाला एकदा तरी बेत तडीस गेल्यासारखं वाटायला हवं ना?"

नुकागासाननी पुन्हा मान हलवली. मग त्यांनी माझे इंजिन बंद केले.

"अर्धा तास थांबा," सेत्सुओसान परत आल्यावर ते म्हणाले. "या पावसात मी तुम्हाला उतरू देणार नाही. कमी झाला तर चढा, नाहीतर खाली चला माझ्याबरोबर."

पाऊस कमी झाला नाही. नदीचा आवाज बदलला; पाण्यातून दगड गडगडत असल्यासारखा झाला. मग माझ्या वायरलेसवर किनुएसानचा आवाज आला, "नुकागासान, खाली येऊ नका. तिसरा पूल गेला. ऐकताय ना? पूल गेला!"

दोन दिवस ते तिघे माझ्यातच राहिले. भाताचे गोळे आणि खारवलेले आलुबुखार वाटून खाल्ले. तामिएसान मागच्या लांब बाकावर पडून होत्या. त्यांना ताप चढला होता. सेत्सुओसान वही उघडून त्यांना पठाराविषयी सांगत: पायवाट कुठे वळते, बर्फाचा पट्टा कुठे लागतो, त्याच्या कडेने फुले कशी दाटलेली असतात. त्या डोळे मिटून विचारत, "आणि पिवळी कुठे?" ते सांगत, "ओढ्याच्या पलीकडे, डाव्या हाताला." दोघेही खोटे बोलत होते आणि दोघांनाही ते खरे वाटावेसे वाटत होते. नुकागासान काचेतून बाहेर बघत राहत. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखे निळे झाले. वरचा कडा इतका जवळ दिसत होता की हात लावावा. आणि त्याच सकाळी हेलिकॉप्टर आले.

"सहा तास," सेत्सुओसान बचाव पथकाच्या माणसाला म्हणत होते. "फक्त सहा तास द्या. मी हिला पाठीवर घेऊन चढतो. आभाळ बघा ना, आभाळ!"

"आजोबा, फेरी एकच आहे. खाली आणखी गावं अडकली आहेत."

"मी पाच वर्षं..."

"अहो, चला," तामिएसान म्हणाल्या. "तिथे आता काही नाहीये."

सेत्सुओसान वळले. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे तुम्हालाही?"

तामिएसानना हसू आले आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. सेत्सुओसान मात्र हसले नाहीत. त्यांनी वही काढली आणि उभ्या उभ्याच लिहिले, 'पुढचा जुलै.' मग वही बंद करून त्यांनी तामिएसानना उचलले. मित्रांनो, त्यांना उचलायला फार जोर लागला नाही.

नुकागासान सर्वांत शेवटी गेले. त्यांनी माझ्या चाकांना दगड लावले, बॅटरीच्या तारा सोडवल्या, खिडक्या एकेक करून बंद केल्या. माझ्या नाकाडावर तळहात ठेवून म्हणाले, "पूल झाला की नेतो तुला." हेलिकॉप्टर पठाराकडे न जाता सरळ खोऱ्यात उतरले.

पूल झाला नाही. पहिल्या हिवाळ्यात बर्फ माझ्या खिडक्यांच्या वर चढला. उन्हाळ्यात अस्वलाने दार वाकवून आत शिरून पाहिले आणि काही न मिळाल्याने ते निघून गेले. दहा जुलै आला, सतरा सप्टेंबर गेला. खालून कोणी आले नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी शरद ऋतूत झाडीतून माणसांचे आवाज आले. नुकागासान आणि किनुएसान नदीच्या पात्रातून वाट काढत चालत आले होते. किनुएसान काठी टेकत, धापा टाकत होत्या. ज्या रस्त्यावर त्यांनी हजारो माणसे धाडली होती, तो त्या पहिल्यांदाच चढत होत्या.

"किनुएसान, फोनवरून सोपं होतं ना?"

"गप्प बसा. आधी मला टेकू द्या."

त्या माझ्या पायरीवर बसल्या. नुकागासाननी खिशातून स्क्रू पिळायचे हत्यार काढले. माझी नंबरपाटी काढायला आले होते ते. कंपनीने माझे नाव यादीतून कमी करायचे ठरवले होते.

"पुलाचं काय म्हणाले?" नुकागासाननी विचारले.

"दिवसाला चार माणसांसाठी पूल बांधत नसतात, म्हणाले. आणि मार्चमध्ये रेल्वेही बंद. माझी खिडकीसुद्धा." मग त्या म्हणाल्या, "वाकुई मास्तरांचं पत्र आलंय."

"यंदाही?"

"तामिएसान गेल्या त्याला दीड वर्ष झालं. तरी सगळं आधीसारखंच विचारतात. फाटक कधी उघडेल, बस किती वाजता, गाडी बदलायला किती मिनिटं. फक्त शेवटी लिहितात, एकट्यासाठी."

"मग खरं काय ते लिहा."

"खरं लिहिलं तर ते पुन्हा पत्र लिहिणार नाहीत."

"आणि नाही लिहिलं तर?"

किनुएसान काठी टेकत उठल्या. नुकागासाननी शेवटचा स्क्रू गंजल्यामुळे जोर लावून पिळला, पाटी पिशवीत टाकली आणि मला पाठ दाखवायच्या आधी कमरेतून वाकले. उतरताना किनुएसानचा पाय घसरला तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मग झाडीने दोघांनाही झाकून टाकले. त्यानंतर कोणी आले नाही. मास्तरांना काय उत्तर गेले, ते मला कधीच कळणार नाही.

गेल्या हिवाळ्यात माझे छप्पर मधोमध खचले. काल वरच्या कड्यावर नवा बर्फ दिसला. माझ्या अंदाजाने मी हा हिवाळा पार करणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. लोखंडाला कधीतरी मोडायचेच असते.

पण मित्रांनो, तुमच्या भागातही अशी एखादी गाडी असेल, जी थोड्याच माणसांसाठी दूरच्या वाटेवर जाते. तिच्यात बसा. तिची विचारपूस करणारा एक फोन, एक पत्र गेले तरी ती चालू ठेवायला कोणाला तरी कारण मिळते. ज्या वाटेवर पावले पडत नाहीत, तिचा पूल पडला तर तो पुन्हा बांधायला कोणी येत नाही, हे मी पाहिले आहे. आणि घरात कोणाला काही दाखवायचे राहिले असेल, तर सगळे नीट जुळून येईल अशा वर्षाची वाट पाहू नका. सुटी अपुरी असू द्या, पाऊस असू द्या, फुले थोडी आधीची किंवा नंतरची असू द्या. रस्ता उघडा आहे ना, एवढे विचारा आणि त्या माणसाला घेऊन निघा.