साठ रुपयांची पावती

दत्ताराम मेस्त्रीला एका जागी बसवत नाही, हे तो गिरणीत होता तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या वर्षी त्याच्या पायाला जी भिंगरी लागली ती वेगळीच. भांडुपच्या शेडमधून मुलुंड, मुलुंडहून फोर्टातल्या कर्ज देणाऱ्या कंपनीची कचेरी, तिथून घाटकोपरला घरी, आणि घरी आल्यावरही दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत. खोली ती केवढी! जानकी, त्याची बायको, स्टोव्हपुढून म्हणायची, "अहो, बसा ना जरा. तुमच्याकडे बघून मलाच गरगरतं."

बसणार कसा? ती खोली थोरल्या भावाच्या नावावर, आणि भावाच्या मुलाचं लग्न ठरलेलं. भाऊ 'निघा' असं कधी म्हणाला नाही. तेवढा तो सरळ माणूस होता. तो फक्त रोज जेवताना विचारायचा, "मुलुंडच्या जागेचं कुठवर आलं रे?" आणि दत्ताराम अर्ध्या ताटावरून उठायचा.

मुलुंडला नव्या बिल्डिंगीत एक खोली आणि स्वयंपाकघर त्यानं बुक केलं होतं. होतं-नव्हतं ते सगळं त्यात घातलं, जानकीच्या पाटल्याही गेल्या. उरलेली रक्कम दिवाळीपर्यंत भरली नाही तर बुकिंग रद्द, आणि भरल्यातले निम्मे पैसे बिल्डरच्या घशात. तसं करारात लिहिलेलं होतं आणि खाली दत्तारामची झोकदार सही होती. सही करताना त्याला वाटलं, कर्ज काय, मागितलं की मिळतं. चाळीतल्या एका कारकुनाला पंधरा दिवसांत मिळालं होतं. त्या कारकुनाकडे पगाराची चिठ्ठी होती आणि आपल्याकडे नाही, एवढी साधी गोष्ट ह्या शहाण्याच्या डोक्यात आली नाही.

गिरणी संपात गेली तेव्हा दत्ताराम बापाच्या धंद्याकडे वळला. बाप गावी गणपती करायचा. दत्तारामनं भांडुपला भाड्याची शेड घेतली आणि शाडू मळायला बसला. हात बापाचाच होता, बघता बघता नाव झालं. एरवी तो मढच्या बंगल्यांत शूटिंगवाल्यांना प्लास्टरचे खांब, सिंह, नाचणाऱ्या बायांचे पुतळे करून द्यायचा. त्याची व्हाउचरं मिळत. घोडं अडलं ते गणपतीपाशी.

कारण त्याच्याकडे येणारी माणसं बहुतेक कोकणातली, आणि त्यांच्यात गणपती कुणी विकत घेत नाही. आपल्या घरचा लाकडी पाट मूर्तिकाराकडे आणून ठेवायचा, म्हणजे त्यानं समजायचं की यंदाही करायचा. भाव विचारायचा नाही, सांगायचा नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी यायचं, मूर्तीपुढे नारळ, सुपारी आणि ऐपतीप्रमाणे दक्षिणा ठेवायची, मूर्ती उचलायची. कुणी अकरा ठेवी, कुणी एकावन्न. मुलुंडचे डॉक्टर कर्णिक दोनशे एकावन्न ठेवत. दत्ताराम कुणाच्या देखत पैशाला हात लावत नसे, आणि तरी वर्षाकाठी सगळं मिळून चांगलं भागायचं. गिरणीच्या पगाराहून बरंच म्हणा ना.

कर्जाच्या कंपनीतले शरच्चंद्र गुप्ते हे सगळं मान डोलावत ऐकत. वाईट माणूस नव्हता. चहा मागवी, बसा म्हणे, पण हातातलं पेन काही कागदाला टेकवत नसे.

"मेस्त्री, हे उत्पन्न नाही हो," ते एकदा म्हणाले. "ही दक्षिणा आहे. दक्षिणेवर मी कर्ज कसं देऊ? उद्या लोकांनी नाही ठेवली तर?"

"साहेब, गिरणीत पगार होता. पक्का. तुमच्यासारख्यांनी तेव्हा डोळे मिटून कर्ज दिलं असतं. गिरणी बंद पडली ना? गणपती कधी बंद पडलाय?"

गुप्ते मनापासून हसले आणि पेन खिशात ठेवलं. मग मात्र त्यांनी वाट सांगितली. भाव ठरवा, शेडवर पाटी लावा, पावतीपुस्तक छापून घ्या. टॅक्सचे कागद मी भरायला लावतो. एक सीझन असा दाखवा, मूर्ती तितक्या पावत्या आणि प्रत्येक पावती पाटीवरच्या भावाची. त्यात कमीजास्त दिसलं की वरचे साहेब म्हणणार, हा धंदा नव्हे, दानधर्म आहे. आषाढात मी स्वतः येऊन पाट मोजून जाईन.

आता देवाचा भाव ठरवायचा कसा? दत्तारामची झोप उडाली. जानकीनं आकडा सांगितला की हा दहा रुपये उतरवायचा. पुन्हा सांगितला की पुन्हा उतरवायचा. आपण काहीतरी पाप करतोय असं त्याला वाटायचं आणि पाप निदान स्वस्तात करावं असा त्याचा हिशेब. शेवटी लहान मूर्ती साठ आणि फुटाची शंभर असं ठरलं. पाटी त्यानं स्वतःच रंगवली, आणि लोकांना नीट दिसणार नाही अशा बेतानं दाराच्या आतल्या अंगाला लावली.

लोकांना दिसली. कुणी वाकडं बोललं नाही. येत, पाटी वाचत आणि पाट ठेवून जात. गुप्ते आले, पाट मोजून गेले. दत्तारामचा जीव टांगणीलाच होता. मूर्तीचे डोळे आखायला हात स्थिर लागतो, श्वास रोखून एका फटक्यात रेघ ओढायची असते. त्या वर्षी तो ब्रश उचली, खाली ठेवी, बाहेर जाऊन बिडी ओढी, पुन्हा येई. जानकी म्हणाली, असे हात कापले तर देव चकणा होईल. तिला थट्टा करायची होती, पण बोलता बोलता तिचेच डोळे भरून आले.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळपासून शेडमध्ये गर्दी. जानकी पैसे घेत होती, दत्ताराम पावत्या फाडत होता. डॉक्टर कर्णिक आले, शंभराची नोट काढली, पावती घडी करून पाकिटात ठेवली आणि म्हणाले, "बरं केलंत मेस्त्री. दरवर्षी किती ठेवायचे हा घोळच असायचा." मनात काही नव्हतं त्यांच्या, खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं त्यांना. दत्तारामनं हसून नमस्कार केला. दीडशे रुपये गेले ते गेलेच. पण आजवर जो माणूस मूर्तीपुढे डोळे मिटून उभा राहायचा तो आज सुट्टे आहेत का बघत होता, हे त्याला जास्त लागलं. डॉक्टरांच्या मागच्यानं तर दहा कमी करा म्हणून घासाघीस केली. गणपतीसमोर, शेडमध्ये, पहिल्यांदा.

दुपारी शेवंती आली. तिचा नवरा धोंडू आणि दत्ताराम गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर होते. संप झाला आणि वर्षभरात धोंडू गेला. ती भांडुप स्टेशनबाहेर केळीची पानं आणि कढीपत्ता विकायची. दत्ताराम तिला वयनी म्हणायचा. तिनं पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही, वाचायला येत नव्हतं. दरवर्षीसारखा नारळ ठेवला, सुपारी ठेवली, पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढून ठेवले आणि जमिनीला डोकं टेकलं.

दत्ताराम पावतीपुस्तक हातात घेऊन नुसता उभा. पावती न करून चालणार नव्हतं, पाट मोजलेले होते. अकराची केली तर सगळ्या साठांमध्ये ती एकटी ओरडून सांगणार होती की हा धंदा नव्हे. साठ दे, असं म्हणायला त्याची जीभ उचलेना. जानकी त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "साठ लिहा. वरचे आपण घालू. कागद तर आहे तो."

त्यानं साठ लिहिले. वरचे पैसे खरोखरच आपल्या खिशातून गल्ल्यात टाकले. कुणाचं काय गेलं? पावती चुरगळून टाकणार तोच शेवंतीनं हात पुढे केला. सगळ्यांना देतोस, मला नको का? द्यावी लागली. तिनं ती हातभर लांब धरली. अक्षर येत नसलं तरी बसचे नंबर वाचून आकडे तिला कळायचे, हे दत्तारामला कुठे ठाऊक होतं!

"सावर शून्य," ती म्हणाली. "साठ?"

ते ऑफिसचं आहे, तू लक्ष देऊ नको, असं काहीतरी तो पुटपुटला. शेवंतीनं पावती कनवटीला लावली, मूर्ती छातीशी धरली आणि गर्दीतून वाट काढत गेली.

दिवाळीच्या तोंडावर कर्ज मंजूर झालं. गुप्त्यांनी पावत्यांच्या गठ्ठ्यावर थोपटून म्हटलं, असं हवं बघा, एक भाव, एक पावती. दत्तारामनं कचेरीच्या जिन्यातच जानकीसाठी घेतलेल्या पेढ्यांतले दोन खाल्ले. बिल्डरचे पैसे भरले, किल्ली मिळाली. भावानं गळामिठी मारली आणि दोघेही रडले. मुलुंडच्या घरात स्वतःचा नळ होता. जानकी पहिला आठवडा तो नुसता उघडायची आणि बंद करायची.

पण त्याआधी, दसरा झाल्या झाल्या, शेवंती शेडवर येऊन गेली होती. पाच रुपये पुढे केले. साठातले अकरा दिले, बाकीचे असे थोडे थोडे देईन म्हणाली. दत्ताराम कानकोंडा झाला. पैसे नकोत, लिहिण्यात चूक झाली, असं त्यानं सांगून पाहिलं. तर ती तडकलीच.

"देवाच्या पावतीत चूक? मग माजो गणपती चुकीचो बसलो म्हणतंस? देवाचा देणा ठेवूचा नाय."

त्यानं पाच रुपये घेतले. खरं सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण तेव्हा कर्जाचा कागद वरच्या साहेबांच्या टेबलावर होता आणि दत्ताराम भेदरलेला होता. पुढे कर्ज मिळालं, तेव्हा भेदरायचं कारण उरलं नाही, पण तोवर सांगायची वेळ निघून गेल्यासारखी झाली. महिन्यामागून महिना शेवंती बसनं मुलुंडला यायची. ती यायची ते हप्त्याच्याच दिवसांत. दत्ताराम फोर्टात जाऊन आपला हप्ता भरून यायचा आणि दारात ती उभी असायची, पाचाची नोट हातात. जो गणपती दीड दिवसात पवईच्या तलावात विरघळून गेला होता, त्याचे ती पैसे फेडत होती. महिना सरत आला की दत्ताराम गच्चीवर जाऊन फेऱ्या मारायचा. जानकी काही म्हणायची नाही. साठ लिहा असं तीच म्हणाली होती.

आषाढात ती शेवटचे चार रुपये घेऊन मुलुंडच्या घरी आली. लोकांचे पाट शेडवर यायला लागले होते. तिनं जुनी पावती काढली आणि तिच्यावर फिटले असं लिहून दे म्हणाली. दत्तारामनं लिहिलं, आणि मग त्याला राहवेना.

"वयनी, ते साठ मी माज्यासाठी लिवलंय. कर्ज व्हया होता म्हणान. तुजे अकराच बरोबर होते. हे सगळे पैसे परत घे. यंदा पाट घेवन ये, पावती नाय, काय नाय. पयल्यासारखा."

शेवंती ऐकून घेत होती. रागावली नाही. तिनं विचारलं, बाकीच्यांनी किती दिले होते?

"साठ," दत्ताराम म्हणाला.

"मग भाव साठच ना रे? म्हायत नव्हतो तवसर माजी अकरा रुपयांची दक्षिणा होती. आता भाव म्हायत झालो. आता अकरा ठेवलंय तर ती भीक." तिनं जानकीनं दिलेला चहाचा कप खाली ठेवला. "मी यंदा पाट हाडूचंय नाय. साठ माका दरवर्षी झेपाचे नाय. भिंतीर फोटो आसा, त्येकाच फुला घालीन."

दत्तारामनं हात जोडले, जानकीनं गळ घातली. परत केलेले पैसे तिनं घेतले नाहीत. देवाला दिलेलं परत घेतात का, एवढंच म्हणाली. मग उठली, आतलं स्वयंपाकघर पाहिलं, नळ सोडून पाहिला, खिडकीतून खाली वाकून पाहिलं. दत्ताराम तिला सोडायला जिन्यापर्यंत आला. दोन पायऱ्या उतरून ती थांबली, नव्या कठड्यावरून हात फिरवला आणि मनापासून आनंद होऊन म्हणाली, "धोंडू असतो तर बघून खूश झालो असतो. घर बरा घेतलंस रे."