निकानोरची काळी भुकटी

दारूकामाला जाताना अंगावर सुती कपडा हवा, पाय अनवाणी हवेत, उंबऱ्यावर पाणी शिंपडलेलं हवं. नायलॉन घासलं की ठिणगी उडते, हे आतषबाजीवर जगणाऱ्या तुल्तेपेक गावातलं शेंबडं पोरही जाणतं. झेनाइदा तर बारा वर्षं आतषबाजीच्या उस्तादाची बायको होती. पण जानेवारीत एका सकाळी कडाक्याची थंडी पडली, नवरा एराक्लिओ खोकत होता, आणि तिने शर्टाच्या आत त्याला नायलॉनचं बनियन चढवलं. "कोण बघतंय?" ती म्हणाली होती.

त्या दिवशी तो अॅल्युमिनियमची नवी भुकटी चाळायला बसला. ती त्याचा चुलतभाऊ निकानोर याने आणली होती. जुनी भुकटी चांदीसारखी चमकायची. ही इतकी बारीक की काळी दिसायची, फुंकरीनेही उडायची, आणि पेटायला तिला इवलीशी ठिणगी पुरायची. एराक्लिओसकट खोली उडाली.

झेनाइदा रडली नाही. तव्यावर मक्याच्या टॉर्टिया करपल्या तरी तिच्या लक्षात यायचं नाही.

गावाने सगळं खापर निकानोरच्या डोक्यावर फोडलं. रविवारच्या सभेत कारागीर आपल्या यादीतून त्याचं नाव काढून टाकणार होते. मग गावात त्याला कुणी वात वळायलाही घेतलं नसतं.

शनिवारी झेनाइदाने सासूला खरं काय ते सांगितलं. म्हातारी मक्याचे दाणे सोलत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"तीस वर्षं दारूकाम केलेला उस्ताद नायलॉन घालून खोलीत शिरला, असं सांगणार तू गावाला? माझ्या पोराला गाढव ठरवायला निघालीस? तोंड मीट."

मग झेनाइदा निकानोरकडे गेली. तो सामान बांधत होता. भाजी आणायला सांगावं तशा आवाजात तिने त्यालाही ते सांगितलं.

"ठाऊक आहे, वहिनी," तो म्हणाला. "त्याला बाहेर काढला तो मीच. नायलॉन वितळून पाठीला चिकटलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मेलेल्याची अब्रू मी काढू? विटांच्या भट्टीवर माणसं हवीत, तिकडे जाईन." दोरीची गाठ आवळत तो थांबला. "पण तुम्ही उद्या उठून बोललात, तर मी नको म्हणणार नाही. मला दारूकामाशिवाय दुसरं काही येत नाही, वहिनी."

सभेत प्रमुखाने दोनदा विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. झेनाइदा तिसऱ्या रांगेत बसली होती. निकानोरने एकदाच तिच्याकडे पाहिलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. नाव काढलं गेलं. त्याने टोपी उचलली आणि तो निघून गेला.

घरी आल्यावर तिला कडकडून भूक लागली, सात आठवड्यांत पहिल्यांदाच. ती पोटभर जेवली. शेवटचा घास गिळताना तिला स्वतःची शिसारी आली, तरी तिने ताटात काही टाकलं नाही.