नऊ वाचक

वकारसरांचं बोट वाचकांच्या नोंदवहीच्या चौथ्या ओळीवर थांबलं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि पुन्हा तीच ओळ वाचली. मनतशा, इयत्ता दहावी. खाली सिद्धेश्वर. त्याखाली मलप्पा.

आरती जीपमधून पुस्तकांची पेटी उतरवत होती. जिल्ह्याच्या वाचनालयातून अशा पेट्या दर पंधरवड्याला खेडोपाडी जात. दहा वाचक असले तर गावाला पेटी, नऊ झाले की बंद. भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या या गावची पेटी म्हाताऱ्या साखराबाईंच्या ओसरीत राही.

वाचनालयाचे प्रमुख असलेले सर आठ दिवसांनी निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीसाठी आरती आणि तिचा सहकारी बसवराज यांपैकी एकच नाव त्यांना वर पाठवायचं होतं. बसवराजने लातुरात ट्यूशनच्या पोरांसाठी दीडशे खुर्च्यांची अभ्यासिका उभी केली होती. तोच परवा हसत म्हणाला होता, "सर, आरतीबाईच्या त्या गावाला एकदा जाऊन या. वाचक लई गुणी हायेत. पाच वर्षांत एका पुस्तकाचं पान दुमडलं न्हाई."

"आरती, इकडं ये."

ती आली.

"ही पोरं कुठं आहेत?"

आरतीने ओढणीला हात पुसले.

"मी ओळखतो यांना. जुन्या गावात दर शनिवारी मीच यायचो, पारावर यांना गोष्टी वाचून दाखवायला. त्या पहाटेनंतर यांतलं एकही..." सरांचं बोट अजून त्या नावांवरच होतं.

"पहिलं वर्ष मला माहीत नव्हतं, सर. मी मुदखेडची, बाहेरची. साखरामावशी नावं सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पोरं शाळेत गेलीत, रानात गेलीत, असं म्हणायच्या. मग कळलं. खोडायला पेन काढलं अन् तसंच ठेवून दिलं."

"पाच वर्षं खोटी वही! तुझं नाव मी वर पाठवू कसं?"

आरतीची नजर पानाच्या तळाशी गेली. सरांचीही गेली. तिथं लाल शाईत 'तपासले' लिहून त्यांचीच सही होती. त्यांनी मागची पानं उलटली. प्रत्येक वर्षाखाली तीच सही. दर मार्चला टेबलावर वह्यांची चळत यायची, ते वाचकांचा आकडा बघायचे आणि सही करायचे. आकडा बरोबर असायचा. या पोरांना त्यांनी एके काळी लांबून चालीवरून ओळखलं होतं, पण त्यांची नावं एकदाही वाचली नव्हती. भूकंपानंतर या गावची वाटही धरली नव्हती. कामं फार, असं ते घरी सांगत.

साखराबाई चहा घेऊन आल्या.

"सर, लई दिसांनी वाट चुकलात."

"हाव, मावशी. चुकलो खरा."

"पेटी ऱ्हाऊ द्या जीपपाशीच. आदी एक नाव काडा. माज्या नातीचं, नीलम्माचं."

"असू द्या की, मावशी," आरती घाईने म्हणाली.

"असू दे कसं? तवा चौथीत हुती. आता अकरावीला गेली असती. गावातली कुठली पोरगी अकरावीला हितं राहिली? समद्या लातूरला. गेल्या साली थोरली दोघं गेली, तवा काडलीच की नावं."

"आता दहाच आहेत, मावशी. नऊ झाले तर..."

"मला नेम ठावा हाय, पोरी. खोटं कशापायी लिव्हायचं?"

सरांनी पेन उघडलं. नीलम्माच्या नावावर रेघ मारताना त्यांचा हात फार सावकाश चालला.

"तिथं ती काय वाचत असेल, मावशी?"

"ते म्या कसं सांगू?" साखराबाईंनी बशीत चहा ओतला. "हितवर मला ठावं हुतं."

सर आरतीकडे वळून म्हणाले, "तुझं नाव जाईल. पण आधी माझा कागद जाईल, न वाचता केलेल्या या सह्यांचा. तो वाचून वरचे काय ते ठरवतील."

उरलेल्या नावांखाली सही करायची होती. सरांनी वही जवळ ओढली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"मनतशा."

साखराबाईंनी बशी खाली ठेवली. "हाय."

"सिद्धेश्वर."

"हाय."

"मलप्पा."

"हाय, सर."

नववं नाव वाचून झाल्यावर त्यांनी आकड्याच्या रकान्यात नऊ लिहिलं, 'तपासले' लिहिलं आणि सही केली. पेटीची एक कडी आरतीने धरली, दुसरी साखराबाईंनी, आणि दोघींनी मिळून ती पुन्हा जीपमध्ये चढवली.