बाइंडर मांगाची बाजू मांडतो

“ही जपानी चित्रकथा, हा मांगा, मी जितका वाचलाय तितका तो काढणाऱ्यानेसुद्धा वाचला नसेल,” बाइंडर म्हणाला. “उद्या त्यावरून काढलेल्या कार्टूनची, त्या अ‍ॅनिमेची सालटी काढतो. बघच तू.”

“काढा,” मेव्हणा म्हणाला. तो टीव्ही दुरुस्त करायचा आणि येता-जाता बहिणीकडे जेवायचा. “पण भावोजी, अ‍ॅनिमे झकास आहे हो. शेवटी रडलो मी.”

“तू बिघडलेला रिमोट बघूनही रडतोस.”

“सगळे मरतात शेवटी! रडू नको तर काय करू?”

“ऐकलंस?” बाइंडर बायकोवर ओरडला. “सगळे मरतात म्हणे! अगं, मांगात एक माणूस मरत नाही. मेलेलेच उठून बसतात! नालायकांनी वाट लावली गोष्टीची.”

“जेवा आधी,” बायको म्हणाली. “आणि उद्या असं ओरडू नका. टेबल जाईल हातचं.”

टेबल म्हणजे वाचनालयातलं चौकशीचं टेबल. बाइंडर तळघरात फाटकी पुस्तकं बांधायचा. तिथे खिडकी नव्हती आणि वाळवीशिवाय कुणाची सोबत नव्हती. वर टेबलाला खिडकी होती, पंखा होता, आणि तिथे बसणाऱ्याला लोक ‘साहेब’ म्हणायचे. रविवारच्या ‘मांगा की अ‍ॅनिमे’ या भाषणाचा वक्ता आयत्या वेळी आजारी पडला, तेव्हा बाइंडरने ग्रंथपाल बाईंचं डोकं खाऊन स्वतःची वर्णी लावून घेतली. “चांगलं बोललात तर वर घेते तुम्हाला,” बाई म्हणाल्या. बायकोने शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं.

रविवारी हॉल भरला. मेव्हणा पहिल्या रांगेत पाय पसरून बसला.

“मंडळी,” बाइंडरने सुरुवात केली, “या अ‍ॅनिमेवाल्यांना गोष्ट कशाशी खातात हे माहीत नाही. मूळ मांगा सुरू होतो राखेत. शहर जळून खाक, आणि एकटा म्हातारा शास्त्रज्ञ. मग पानापानाला काय होतं? धूर रॉकेटात परत शिरतो. पडलेल्या इमारती उभ्या राहतात. म्हातारा तरुण होतो, राखेतून त्याची लेक उठते, आणि शेवटच्या पानावर बाप-लेक हसत जेवायला बसतात. काळच उलटा फिरवलाय पठ्ठ्याने! याला म्हणतात विज्ञानकथा! आणि या गाढवांनी? जेवण पहिल्याच भागात उरकलं!”

हॉल हसला. बाइंडरला चेव आला.

“संवाद बघा. मांगात माणसं आधी उत्तर देतात, प्रश्न मागाहून येतो. भविष्यातली माणसं, डोकं तेवढं तल्लख! अ‍ॅनिमेत आपलं आधी प्रश्न, मग उत्तर. हे तर आमचा मेव्हणाही करतो! मांगात पानांचे आकडेसुद्धा उतरत येतात, रॉकेट सोडताना मोजतात तसे. आहे अ‍ॅनिमेत एक तरी आकडा?”

आता लोक खुर्च्यांवरून घसरत होते. चष्मा लावलेल्या एका मुलीने हात वर केला.

“काका, तुम्ही उलटा वाचलाय. जपानी मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपण जिथून पुस्तक उघडतो तिथे मोठ्या अक्षरांत सूचना असते, ‘थांबा, दुसऱ्या बाजूने सुरू करा’ अशी.”

“ते पान?” बाइंडर म्हणाला. “ते जाहिरात समजून मी फाडलं.”

बाई उभ्या राहिल्या. “सगळ्या प्रतींचं?”

“बाई, बांधणी स्वच्छ नको का? चित्राचा पुठ्ठासुद्धा छापखान्याने चुकून मागे लावला होता, तो पुढे घेतला.”

“मी तीच प्रत वाचली!” मागून एक पेन्शनर ओरडले. “फार आवडली मला!”

बाइंडरने माइक घट्ट धरला. “म्हणजे ती पोरगी...”

“जाते,” मुलगी म्हणाली. “बापाच्या डोळ्यांदेखत.”

“आणि जेवण?”

“शेवटचं असतं त्यांचं. म्हणून तर आधी दाखवतात.”

माइक लोकांना बाइंडरचा श्वास ऐकवत राहिला.

“मग माझाच चांगला आहे,” तो म्हणाला.

बाईंनी माइक काढून घेतला. “सगळ्या प्रती सोडवून नीट बांधा. आजच. टेबलाचं बघू नंतर.”

बाईंचं ‘नंतर’ कधी उजाडत नाही, हे सगळ्या वाचनालयाला माहीत होतं.

मेव्हणा मागोमाग तळघरात उतरला. “भावोजी, ताईला काय सांगू? वर घेतलं की खाली?”

“सांग, काम निघालंय. आणि तोंड बंद ठेव, नाहीतर तुझीच बांधणी करीन.”

बाइंडरने रागारागाने सरसाचा डबा उघडून खुर्चीवर आदळला आणि कपाटातून प्रती काढल्या. एक त्याने गुपचूप बाजूला ठेवली, होती तशीच. डबा उचलून टेबलावर घेतला, खुर्चीवर बसला आणि बाकीच्या प्रतींचे पुठ्ठे सोडवून उलट बाजूला चिकटवायला लागला. डब्यातला अर्धा सरस खुर्चीवर सांडला होता. तो त्याने पाहिला नाही.

वाचनालय बंद व्हायची घंटा झाली. बाइंडर उठला. खुर्चीही उठली. मेव्हण्याने ती दोन्ही हातांनी ओढली. खुर्ची निघाली. पँट खुर्चीला राहिली.