सरकार बसेपर्यंत रजा नाही

आमच्या रिद्धीच्या लग्नाचा मुहूर्त तिच्या बाबांनी धरला तो नेदरलँड्सच्या निवडणुकीचा निकाल लागला त्याच संध्याकाळी. रिद्धी तिकडे एका टीव्ही चॅनेलात बातम्यांचा आवाज सांभाळते आणि नवं सरकार बसेपर्यंत तिच्या विभागात कुणालाच रजा नव्हती. ह्यांनी हिशेब केला: चार दिवस रुसवेफुगवे, दोन दिवस आमदार रिसॉर्टात, मग पहाटे कधीतरी शपथ. तुळशीचं लग्न उरकलं की पहिलाच मुहूर्त! विरारचा हॉल ठरवला, फुलपाड्याच्या व्याह्यांना कळवलं, पत्रिकाही छापायला टाकल्या.

"बाबा, इथे रिसॉर्टबिसॉर्ट नसतं हो," रिद्धी फोनवर म्हणाली. "दीडशे जागा आणि पंधराएक पक्ष. आधी एक माणूस नेमतात. तो एकेकाला बोलावून विचारतो, तुमचं कुणाशी जमेल?"

"मग?"

"मग दुसरा नेमतात."

"तो काय करतो?"

"तेच. जरा सविस्तर."

"आणि फोडाफोडी कधी?"

"बाबा, महिने लागतात!"

ह्यांनी छापखान्याला फोन लावला, तर पत्रिका छापून तयार.

त्या दिवसापासून आमच्या नंदाखाल गावात डच राजकारण सुरू झालं. कुंपणापलीकडून शेजारची लिडिया ओरडायची, "काय गं प्रेमलता, बसलं का तुझं सरकार?" नवरदेव कुशल तर रोज सकाळी मलाच फोन करायचा. "काकू, काल ते दोन पुढारी एकत्र कॉफी प्यायले. चांगलं लक्षण ना?" पोराला मी काय सांगणार! आमच्या ग्रामपंचायतीत दोघं एकत्र चहा प्यायले की तिसऱ्याचं काही खरं नसायचं.

लग्न दहा दिवसांवर आलं आणि रिद्धी रडत फोनवर आली. "साहेबबाईंनी पुन्हा नाही म्हटलं. तारीख पुढे ढकला, आई."

ढकलून नेणार कुठे? हॉल उन्हाळ्यापर्यंत भरलेला. मी फोन कानाला लावून केळीत उभी, तेवढ्यात विहिरीवरचा पंप चालू झाला. बघते तर लिडियाचा नवरा ऑगस्टीन आमच्या केळीला पाणी सोडतोय. विहीर दोघांची सामाईक. आमच्याकडे रीतच आहे, लग्नघरची पाण्याची पाळी शेजारी सांभाळतो. त्यांच्या टिफनीच्या लग्नात आम्ही सांभाळली होती. कुंपणाच्या दोन हात जागेवरून तीन वर्षं हे आणि ऑगस्टीन एकमेकांशी बोलत नाहीत, पण पाण्याचं वेगळं.

"रिद्धी, तू रजा मागतेसच कशाला?" मी म्हटलं. "तुझ्या वाटची ड्युटी कोण करील, ते विचार. आणि त्याला बदल्यात काय हवं, तेही."

"आई, ही माणसं आपल्यासारखी नाहीत गं."

"कॉफी पितात ना? मग झालं."

दोन दिवस तिकडून काहीच नाही. ह्यांची दाढी वाढली. तिसऱ्या दिवशी रिद्धीचा निरोप आला: तिकीट काढलंय.

हळदीच्या आदल्या दिवशी कुशल तिला विमानतळावरून घेऊन थेट आमच्या अंगणात आला. मांडव उभा राहत होता. मी मीठमोहऱ्या ओवाळायला धावले, तर हे मला बाजूला सारून पुढे. "बसलं का सरकार?"

"नाही हो बाबा, अजून बोलतायत. पण ड्युटीवर आमचं चौघांचं जमलं! त्यातले दोघं तर एकमेकांचं तोंडही बघत नाहीत. साहेबबाई म्हणाल्या, आवाज नीट येणार असेल तर माझी हरकत नाही."

"आणि बदल्यात काय दिलंस?" मी विचारलं.

रिद्धीने बॅग खाली ठेवली. "ऑफिसातल्या मारिकेला नाताळ मोकळा हवा होता. एकाला थर्टीफर्स्ट. एकाला पुढचे सगळे रविवार."

कुशलचा चेहरा पडला. नाताळात तो प्रथमच तिकडे जाणार होता, दोघांचं फिरायचं ठरलं होतं. "म्हणजे मी तिकडे येऊन एकटाच काय करू?"

मांडवाला तोरण बांधत होती लिडिया. ती स्टुलावरूनच म्हणाली, "स्वयंपाक कर, जावईबापू. भांडी घास. आघाडीचा धर्म असतो तो!"

अख्खा मांडव हसला. कुशलने क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे वळला.

"काकू, वरणाला फोडणी आधी देतात की नंतर?"