डाव्या हाताची गाठ

डोळे गेलेल्या माणसाने एका दिवसात समुद्रात पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, आणि हे सगळं बायकोला कमरेला बांधून करायचं, ही कल्पना आमच्या दीपेशची. दीपेश म्हणजे आमचा मुलगा. वापीला नोकरी करतो आणि रविवारी घरी येऊन आम्हाला शहाणपण शिकवतो. यंदा डहाणूच्या किनाऱ्यावर अशी स्पर्धा भरणार होती. तो वडिलांना सहज म्हणाला, “बाबा, तुम्ही पोहायचात ना पूर्वी? उतरता का?”

हे लगेच हो म्हणाले.

डोळे गेल्यापासून ज्या माणसाने आमटी वाढू का विचारलं तरी लगेच हो म्हटलं नव्हतं, तो समुद्रात उतरायला एका क्षणात तयार झाला. दीपेशला काय करू नि काय नको झालं. मला ते ‘हो’ जरा जास्तच लवकर आलेलं वाटलं.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती घरात कोणी कधी बोललं नव्हतं. माझ्या नवऱ्याचे, अमृतचे, डोळे काचबिंदूने गेले. ‘चष्म्याचा नंबर वाढलाय’ म्हणत त्यांनी वर्ष काढलं आणि मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं तोवर फार उशीर झाला होता. त्यानंतर एका दुपारी हे काठी घेऊन घरातून निघाले. आमच्याकडचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की पाणी शोधत चालावं लागतं. हे चालत गेले. आमच्या चिकूच्या वाडीत कामाला असलेला काकड्या तिकडे चिखलातले निवटे मासे धरायला गेला होता, म्हणून त्याला दिसले. भरतीचं पाणी छातीला लागलेलं आणि हे मांडी घालून बसलेले. त्याने खांद्यावर टाकून घरी आणलं.

“बाय, शेठ वाट चुकला,” काकड्या म्हणाला.

हेही म्हणाले, वाट चुकलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना मीही तेच सांगितलं. पण मोबाइल, घड्याळ आणि बोटातली अंगठी हे जाताना देवापुढे नीट मांडून गेले होते. वाट चुकणारा माणूस अंगठी काढून जात नाही.

म्हणून मी दीपेशला सांगून टाकलं, बाबांबरोबर कोणी पोरगं द्यायचं नाही, मीच जाणार. मोठ्या स्पर्धांत म्हणे आंधळ्या पुरुषाला पुरुषच गाईड लागतो. आमच्या आयोजकांना मुळात एकच आंधळा मिळाला होता, त्यांनी कुरकुर केली नाही. शेजारच्या निर्मलाने मात्र संधी सोडली नाही. म्हणाली, “काय गं बकुळा, लग्नातली गाठ सैल झाली की काय, परत बांधून घेतेस ती?”

“सैल नाही झाली,” मी म्हटलं, “पण पाण्यात टिकेल असा भरवसा नाही.”

ती हसली. मला हसू आलं नाही.

पोहायला मी माहेरी, गंजाडला, विहिरीत शिकले. भावांपेक्षा चांगली पोहायचे. सासर समुद्रावर मिळालं म्हणून कोण आनंद झाला होता मला! पण इथे बायका समुद्रावर जायच्या त्या गौरी विसर्जनाला आणि पाहुण्यांना सूर्यास्त दाखवायला. सव्वीस वर्षांत माझ्या पोटऱ्यांच्या वर समुद्राचं पाणी आलं नव्हतं. आता पन्नाशीला टेकल्यावर मी गंजाडच्या शेततळ्यात उतरले, आणि हातपाय आपले आपण चालायला लागले. शरीर काही विसरत नाही, मेलं.

दोरी मी आमचीच घेतली. उंचावरचे चिकू तोडायला लांब काठीला जाळी बांधलेली बेडणी असते, तिची नायलॉनची दोरी. बेडणीची गाठ वाडीत ज्याची त्याला ओळखू येते. मी टोक उजवीकडे सोडते. हे डावखुरे, त्यांची गाठ आरशात पाहिल्यासारखी उलटी पडते. एक टोक त्यांच्या कमरेला, एक माझ्या. आयोजकांचा नियम असा की गाठ एका ओढीत सुटली पाहिजे, कोणी बुडायला लागलं तर दुसऱ्याला घेऊन जाऊ नये म्हणून. तो नियम ऐकला तेव्हा हे मान हलवत होते. मला तो मुळीच आवडला नाही.

आणि हाकसुद्धा आमच्या वाडीतलीच. चिकू उतरवताना एक जण शिडीवर असतो, एक खाली. वरचा टोपली भरली की दोरीने खाली सोडतो आणि ओरडतो, “आली!” खालचा हात वर करून ओरडतो, “घेतली!” पूर्वी हे वर असायचे, मी खाली. डोळे गेल्यावर मी वर चढले आणि हे खाली टोपली झेलून, मग बसून नखाने साल खरवडून, वास घेऊन चिकू निवडायला लागले. तेवढं एकच काम ते न सांगता करायचे. तर पोहताना मी मधून मधून ओरडायचं, “आली!”, म्हणजे त्यांना दिशा कळेल. तोंडात पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी उत्तर द्यायचं नाही, दोरीला एक हिसका द्यायचा.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी भरती होती. पाण्याला थंडी होती. दीपेशने ह्यांच्या डोक्यावर पिवळी रबरी टोपी चढवली, पाया पडला. मी ह्यांच्या कमरेला दोरी बांधली, ओढून पाहिली, पुन्हा बांधली.

“किती वेळा बांधशील?” हे म्हणाले.

“माझं मी बघते.”

पहिल्या फुग्यापर्यंत जीव मेटाकुटीला आला. समुद्रात ठरावीक अंतरावर नारिंगी फुगे सोडले होते, त्यांच्या कडेने जायचं. दोरी सतत ओढत होती. मी “आली” म्हणायची, हिसका यायचा, पुन्हा ओढ. माझ्या मनात शिव्या येत होत्या, दीपेशला, ह्यांना, काचबिंदूला.

मग कधीतरी पाणी हलकं झालं. लाट मागून यायला लागली आणि मला उचलून पुढे ठेवायला लागली. हात असे पडत होते की जणू गंजाडची विहीर आहे आणि मी चौदा वर्षांची आहे. मला वाटलं, वा, ह्यांना आता लय सापडली, बरोबरीने येतायत. किनाऱ्यावरची सुरूची झाडं मागे सरकत होती. तोंड वर काढलं की ऊन, खाली घातलं की गढूळ हिरवा अंधार, आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही. घर नाही, औषधं नाहीत, कोणाची काठी नाही. मी खूप सुखात होते. हाक मारायचंसुद्धा विसरले.

वळायचा फुगा आला तेव्हा आठवण झाली. थांबले आणि ओरडले, “आली!”

काही नाही. पुन्हा ओरडले. मग मागे कोणीतरी जोरात ठसकलं, पाणी उडालं, आणि थोड्या वेळाने दोरीला हिसका आला. मी म्हटलं, चला, आहेत. वळले आणि परतीला लागले. तिथून किनाऱ्यापर्यंत दोरी पुन्हा ओढत होती.

वाळूत आल्यावर दोरी सोडायला मी खाली वाकले. ह्यांच्या कमरेवरच्या गाठीचं टोक डावीकडे होतं.

मी बघतच राहिले. दीपेश ओरडत होता, “आई, लवकर, सायकल!” मी गाठ सोडली, ह्यांना बूट घातले, दोन सीटच्या सायकलवर मागे बसवलं, पुढे मी बसले आणि निघालो.

दोन सीटच्या सायकलची गंमत अशी की दोघांची पायडलं एका साखळीत असतात. मागच्याचं तोंड दिसत नाही, पण पाय कळतात. मसोली गेलं, चारोटीकडचा रस्ता गेला, हायवे पार केला. तलासरीला शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत होती. एक म्हातारी आम्हाला बघून हात जोडत होती, तिला काय वाटलं कोण जाणे. हे पाय मारत होते आणि मी मनात एकच धरून बसले होते, आता विचारू नको, रडशील, सायकल पडेल. पण माझा स्वभाव मला माहीत आहे. वेवजीच्या अलीकडे चढ लागला तिथे तोंडातून निघालंच.

“दोरी सोडली होतीत ना?”

पायडल जड झालं. मागचे पाय थांबले होते.

मी सायकल रस्त्याच्या कडेला, एका ताडाखाली घेतली. आमच्या मागचे दोघंतिघं पुढे निघून गेले. ह्यांना उतरवलं. खरं तर मला त्यांच्या थोबाडीत मारायची होती. आंधळ्या माणसाला मारता येत नाही, हा त्यांचा मोठाच फायदा.

“बोला ना. सोडली होतीत की नाही?”

“सोडली होती.”

“का?”

का ते मला माहीत होतं. पण एकदा ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. दीड वर्ष मी एकटी ते गिळून बसले होते.

हे म्हणाले, “तू ओढत होतीस मला. दोरीतून कळतं गं. माझं ठरलंच होतं, पण त्यात तुझी फरफट कशाला, म्हणून आधी तुला सोडलं.”

“आणि मग?”

“मग तू पोहायला लागलीस.” ह्यांच्या तोंडावर हसू आलं. डोळे गेल्यापासून ते हसू मी पाहिलं नव्हतं, आणि ते आता, ह्या बोलण्यावर आलं. “बकुळा, काय पोहत होतीस तू! लाट मलाही तुझ्या मागे ढकलत होती, म्हणून ऐकू येत होतं. सपासप, सपासप. एवढ्या वर्षांत तुला असं काही करताना मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, चला, बरं झालं. सुटली बिचारी.”

ते खरं होतं. माझ्या मागे माझा नवरा जीव द्यायला निघाला होता, माझ्या कमरेला नुसतं दोरीचं टोक वाहत होतं, आणि मी सुखात होते. त्या दोरीला ओढ नव्हती म्हणूनच सुखात होते. मी तिथे धुळीत बसले आणि रडले. हे चाचपडत माझं डोकं शोधत होते, त्यांचा हात आधी सायकलच्या सीटवर पडला, मग माझ्या खांद्यावर.

“मग परत का आलात?” मी विचारलं.

“तू ‘आली’ म्हणालीस ना.”

“म्हणून?”

“तोंडातून ‘घेतली’ निघून गेलं. तोंड पाण्यात, भडाभडा पाणी गेलं आत. आणि हात वर गेले, टोपली झेलायला जातात ना, तसे. मग तू परत ओरडलीस. आवाजाकडे आलो, दोरी हाताला लागली, बांधली.”

“म्हणजे सवयीने आलात?”

त्यांनी थोडा विचार केला. “हो. सवयीनेच.”

दुसरा कोणी असता तर तुझ्यासाठी आलो म्हणाला असता. ह्यांना खोटं बोलता येत नाही. एकदा काय ते वाट चुकलो म्हणाले होते, तेवढंच.

“पुन्हा सोडाल?”

“माहीत नाही गं,” हे म्हणाले. “नाही म्हणू का?”

“नको,” मी म्हटलं. “चढ अजून बाकी आहे. बसा.”

पळायच्या टप्प्यात आम्ही पळालो कमी, चाललोच जास्त. दोरी पुन्हा बांधायची होती. ह्या वेळी दोन्ही गाठी मी त्यांनाच मारायला लावल्या, त्यांची त्यांच्या कमरेला आणि माझी माझ्या. शेवटच्या रेषेवर पोचलो तेव्हा वेळेची मुदत संपून गेली होती आणि कमानीचे बांबू सोडायला माणसं चढली होती. तरी त्यांनी ह्यांच्या गळ्यात मेडल घातलं. मेडल एकच होतं, गाईडला टी-शर्ट. दीपेश वडिलांना मिठी मारून रडला, म्हणाला, “बाबा, तुम्ही जिंकलात.” मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला वाटतंय ते वाटू दे.

पुढच्या वर्षी तू एकटी उतर, असं तो आता माझ्या मागे लागलाय. बायकांत तुझा नंबर येईल म्हणतो. येईलही. पण मी पाण्यात पुन्हा उतरले नाही. हात सुटून पोहायला लागले तर मागे कोण आहे आणि कोण नाही ते मला कळत नाही. तसलं सुख मला नको.

वाडीत चिकूचा बहर जोरात आहे. मी शिडीवर असते, हे खाली. टोपली भरली की मी ओरडते, “आली!” पूर्वी ओरडता ओरडताच दोरी सैल सोडायची, कारण खाली माणूस असायचाच. आता दोरी मुठीत घट्ट धरून थांबते. कधी ह्यांचं लक्ष नसतं. कधी नुसतेच गप्प असतात. टोपली मधल्यामध्ये फिरत राहते, हातात रग लागते, आणि पलीकडच्या झाडावरून काकड्या ओरडतो, “बाय, सोड ना, शेठ हाय खाली!”

मी सोडत नाही. खालून “घेतली” ऐकू येईपर्यंत मी धरून ठेवते.