तुझा हात यात आहे

फोसुआने उकडलेले कंद कुटून केलेल्या फुफूचं भांडं आज स्वयंपाकघरामागे नेलंच नाही. थेट अंगणात, कुमासी शहराला जाणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून ठेवलं.

"इथे नाही जेवणार मी," तिची आई कोनाडू म्हणाली.

"मग राहा उपाशी."

तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने कोनाडूचा उजवा हात गेला. तेव्हापासून ती लपून, डाव्या हाताने जेवायची. डाव्या हाताने खाऊ नये, कुणाला काही देऊ नये, हे गावातल्या निम्म्या पोरांना तिनेच शिकवलेलं. रस्त्याने जाणाऱ्याला 'ये, तुझा हात यात आहे' म्हटल्याशिवाय घास न उचलणारी बाई ती! आता तीन महिने त्या घरातून कुणाला हाक गेली नव्हती, आणि फोसुआच्या जिवाला तेच लागलं होतं.

"चमचा देऊ?"

"फुफूला चमचा? मी मेल्यावर दे."

तेवढ्यात शेजारची डुफी येताना दिसली. फोसुआने लहानपणी डाव्या हाताने मीठ पुढे केलं म्हणून याच म्हातारीने तिला फटका दिला होता. कोनाडूने डावा हात अंगावरच्या कापडाखाली ओढून घेतला.

डुफीने रीतसर नमस्कार केला, विचारपूस झाली. पण ती हलेना.

"या घरात वाटसराला बोलवायची पद्धत बंद झाली वाटतं?"

कोनाडूची मान ताठ झाली.

"माझ्या घराला नावं ठेवू नकोस. ये, तुझा हात यात आहे."

यावर 'पोट भरलंय, बरकत राहो' म्हणून पुढे जायचं असतं, हे शेंबडं पोरही जाणतं. डुफी मात्र आत येऊन स्टुलावर बसली.

"फोसुआ, हातावर पाणी घाल."

डुफीने डावा हात पुढे केला.

"मावशी, तो हात..."

"कुठला आहे ते कळतं मला. ओत."

भर अंगणात तिने डाव्या हाताने फुफूचा गोळा तोडला, रश्शात बुडवला आणि गिळला.

"डुफी, लोक काय म्हणतील?" कोनाडूचा आवाज चिरकला.

"दोन म्हाताऱ्या बिघडल्या म्हणतील. जेव."

कोनाडूचा कापडाखालचा हात बाहेर आला आणि तिने तो पाण्याखाली धरला. फोसुआने पाणी ओतलं.

रस्त्याने शाळेचे मास्तर चालले होते. हातातला घास तसाच ठेवून कोनाडूने तीन घरं पलीकडे जाईल अशी हाक मारली,

"मास्तर, या! तुमचा हात यात आहे!"